वर्गात स्वमग्न मूल आहे, सुरुवात कुठून करू?

एका वर्गशिक्षिकेने विचारलं आहे: दुसरीच्या वर्गात सात वर्षांचा मुलगा आहे, ऑटिझमचं निदान झालेलं आहे. तो बोलतो, पण बऱ्याचदा विचारलेला प्रश्नच परत म्हणतो. घंटा झाली की कान झाकतो. चित्रकला संपवून गणिताला बसायचं म्हटलं की जमिनीवर आडवा होतो. मागच्या आठवड्यात त्याने रांगेत एका मुलीला ढकललं, तेव्हापासून इतर पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत. मुख्याध्यापकांनी त्याच्याजवळ पूर्णवेळ मदतनीस बसवायचं ठरवलं आहे. ‘माझं विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण झालेलं नाही, मग मी नेमकं काय करायचं?’

मी विशेष शिक्षिका आहे आणि बरीच वर्षं प्राथमिक शाळांमध्ये वर्गशिक्षकांच्या सोबतीने काम करते आहे. तुम्हाला पहिलं सांगणं हे की या मुलाच्या बाई तुम्हीच राहा. मदतनीस, थेरपिस्ट, माझ्यासारखे फिरते विशेष शिक्षक, हे सगळे तुमच्या मदतीला असतात, तुमच्या जागी नसतात. जिथे वर्गशिक्षक ‘हा माझा विद्यार्थी’ म्हणतात तिथे साध्या साधनांनीही मूल रुळतं. जिथे ते ‘त्याचं ते बघतात’ म्हणतात तिथे महागडी साधनंही कपाटात पडून राहतात. आणि प्रशिक्षण नाही म्हणून अडून बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. म्हणजे मध्यम आकाराच्या कुठल्याही शाळेत अशी काही मुलं असणारच, निदान झालेली किंवा न झालेली. प्राथमिकच्या शिक्षकाला हे काम आज ना उद्या करावंच लागतं.

मदतनीसाचा निर्णय झालाच आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. काही मुलांना मदतनीस लागतोच. स्वतःला इजा करून घेणारी किंवा वर्गातून पळून जाणारी मुलं असतात. पळून जाण्याची गोष्ट किरकोळ नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत जवळपास निम्म्या स्वमग्न मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी असा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. पण मोठं माणूस सतत खेटून बसलं की काय होतं, तेही बघितलं गेलं आहे. अमेरिकी शिक्षण-संशोधक मायकेल जिआनग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अपंगत्व असलेल्या मुलांच्या वर्गांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी सोडून देतात, वर्गमित्र जवळ यायचे थांबतात आणि मूल प्रत्येक गोष्टीसाठी त्या एका माणसाच्या तोंडाकडे बघायला लागतं, असं त्यांना दिसलं. मी आजही वर्गावर्गांत हेच बघते. मदतनीस दप्तर उघडतो, वही काढतो, पेन्सिल हातात देतो, उत्तरही पुटपुटतो. वर्षाअखेरीस मुलाची वही पूर्ण असते, पण त्यात मूल कुठेच नसतं.

म्हणून मुख्याध्यापकांना सांगा की मदतनीस वर्गाला द्या, एकट्या मुलाला नको. त्याची खुर्ची मुलाशेजारी न ठेवता दोन बाकं मागे किंवा बाजूला ठेवा. तो तीन-चार मुलांच्या गटाला मदत करेल आणि नजर या मुलावर ठेवेल. रोज निदान एकदा अदलाबदल करा. मदतनीसाने वर्गाला लेखनाला बसवायचं आणि त्या वेळात तुम्ही स्वतः या मुलाजवळ बसून शिकवायचं. पाच-दहा मिनिटं पुरतात. तो कुठे अडतो हे तुम्हाला त्या वेळात कळेल, दुसऱ्याच्या अहवालातून ते कधीच कळणार नाही. मदत कशी कमी करत न्यायची हेही आधीच ठरवून ठेवा: या महिन्यात दप्तर तो काढेल, पुढच्या महिन्यात वेळापत्रक तो लावेल. जी मदत कमी करायचं कुणीच ठरवलं नाही, ती कमी होत नाही.

आता तुमच्या बोलण्याकडे वळू. वर्गातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित बदल इथेच आहे. एका तासात आपण किती बोलतो ते एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ‘चला, सगळ्यांनी आता वह्या काढा बरं, आणि कालचं राहिलंय ना ते आधी पूर्ण करा, आणि हो, तारीख विसरायची नाही.’ यात तीन सूचना आहेत, त्यातली एक उलटी सांगितलेली, आणि ‘सगळ्यांनी’मध्ये आपणही येतो हे अनेक स्वमग्न मुलांच्या लक्षातच येत नाही. त्यापेक्षा आधी नाव घ्या, त्याचं लक्ष आलं की एकच सूचना द्या आणि गप्प राहा. ‘वही काढ.’ मग मनात दहा आकडे मोजा. ही शांतता सुरुवातीला फार लांब वाटते, पण त्याच्या मेंदूत ऐकलेल्याचा अर्थ लावायचं काम चालू असतं. आपण तीन सेकंदांत तेच वेगळ्या शब्दांत सांगतो, तेव्हा त्याला ते काम पहिल्यापासून करावं लागतं. परत सांगायचंच असेल तर तेच शब्द, त्याच क्रमाने.

‘पळू नकोस’ ऐवजी ‘चालत जा’ म्हणा. ‘बसतोस का?’ हा त्याच्यासाठी खरोखर प्रश्न आहे आणि ‘नाही’ हे त्याचं प्रामाणिक उत्तर. त्याला उद्धट ठरवू नका. ‘तोंडाला कुलूप लाव’, ‘हात आवर’, ‘डोकं चालव’, ‘आता बघतेच तुझ्याकडे’ हे बोलणं एक तर त्याला कळत नाही, नाही तर शब्दशः कळतं. काही मुलं कुलूप शोधतात आणि वर्ग हसतो. आणि ‘माझ्याकडे बघ’ हा आग्रह सोडून द्या. अनेक स्वमग्न माणसांनी मोठेपणी सांगितलं आहे की नजरेला नजर भिडवली की ऐकणं अवघड होतं, काहींना ते त्रासदायकही वाटतं. तो खिडकीकडे बघत तुमचं ऐकत असेल तर ऐकू द्या. ऐकलं की नाही ते त्याच्या कृतीवरून कळेलच.

प्रश्न परत म्हणण्याबद्दल तुम्ही विचारलं आहे. याला एकोलेलिया म्हणतात. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली पहिल्यांदा अकरा स्वमग्न मुलांचं सविस्तर वर्णन केलं, त्यातही ही सवय नोंदलेली आहे. बराच काळ ती निरर्थक मानून बंद करण्यावर भर होता. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन या संशोधकांनी १९८१ साली दाखवून दिलं की या प्रतिध्वनीत हेतू असतो. कधी तो ‘हो’ असतो, कधी ‘थांबा, मी विचार करतोय’, कधी मागणी. मूल ‘तुला पाणी हवंय का?’ म्हणतं तेव्हा बहुधा त्यालाच पाणी हवं असतं, कारण पाणी मिळतं तेव्हा त्याच्या कानावर हेच वाक्य पडलेलं असतं. तुम्ही ‘मला पाणी हवंय’ असं त्याच्या बाजूने म्हणा आणि पाणी द्या. ‘नीट बोल, मग देते’ असं अडवू नका. प्रश्नाचा प्रतिध्वनी येत असेल तर प्रश्नच कमी करा. ‘हा कोणता रंग?’ ऐवजी ‘हा रंग…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडा किंवा दोन चित्रकार्डं पुढे धरा. आणि चित्रकार्डं, टॅबलेटवरचं बोलणारं ॲप वगैरे दिलं की बोलणं मागे पडेल, ही भीती पालकांच्या मनातूनही काढा. २००६ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला गेला, त्यात अशा साधनांमुळे बोलणं कमी झाल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही. मात्र दुसऱ्याने मुलाचा हात धरून अक्षरांवर बोट ठेवायचं आणि ते मुलाचे शब्द म्हणायचं, अशा पद्धतीपासून लांब राहा. तिथे बोलत असतो तो हात धरणारा.

चित्रकलेतून गणिताकडे जाताना जे होतं, त्याला गणिताशी वैर समजू नका. अनेक स्वमग्न मुलांचं लक्ष एकाच गोष्टीत खोल जातं, आणि तिथून ते अचानक ओढून काढलं की घाबरायला होतं. त्यात पुढे काय, किती वेळ, चित्र परत मिळणार की नाही, हे काहीच माहीत नसतं. यासाठी चित्रांचं वेळापत्रक लागतं. ते तुम्ही ऐकलं असेलच, बहुतेक शाळांच्या भिंतींवर लावलेलंही असतं. पण भिंतीवर लावलेलं वेळापत्रक ही सजावट झाली. ते त्याच्या बाकावर हवं, त्याच्या हाताने हलणारं हवं. तास संपला की त्याने ते चित्र काढून ‘झालं’ लिहिलेल्या पाकिटात टाकायचं, मग पुढचं बघायचं. सुरुवातीला दिवसभराच्या आठ चित्रांनी गोंधळत असेल तर दोनच ठेवा: आधी गणित, मग चित्र. चित्र कळत नसेल तर वस्तू ठेवा, खेळाच्या तासासाठी चेंडू, वाचनासाठी पुस्तक. वाचता येत असेल तर शब्द पुरे, सात वर्षांच्या वाचणाऱ्या मुलाला बालवाडीची चित्रं देऊ नका. आणि बदलासाठी एक वेगळं कार्ड ठेवा, मोठं उद्गारचिन्ह काढलेलं. बाई रजेवर असणं, तास रद्द होणं, बाहेरचे पाहुणे येणं, हे त्या कार्डाने आधी दाखवा. आठवड्यातून एखादा चांगला बदलही मुद्दाम त्याच कार्डाने दाखवा, नाही तर ते कार्ड दिसताच रडू फुटेल.

तास संपण्याआधी पाच मिनिटं आणि मग दोन मिनिटं बाकी असताना सांगा. वाळूचं घड्याळ किंवा उरलेला वेळ रंगाने दाखवणारं घड्याळ बऱ्याच मुलांना मानवतं. काहींना मात्र सरकता वेळ बघूनच धडकी भरते, त्यांना ‘अजून तीन ओळी’ असं मोजून सांगा. चित्र अर्धवट राहिलं असेल तर ते ठेवायला ठरलेला खण हवा, आणि वेळापत्रकात ते पुन्हा कधी येणार हे दिसायला हवं.

गणित हातात दिल्यावरही चार गोष्टी न विचारता कळल्या पाहिजेत: कोणतं काम, किती, संपलं हे कसं कळणार आणि नंतर काय. ही मांडणी मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांच्या ‘टीच’ (TEACCH) या स्वमग्न मुलांसाठीच्या कार्यक्रमातून आली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने तो कार्यक्रम १९७२ साली राज्यभर सुरू केला. प्रत्यक्षात करायला ती अगदी सोपी आहे. डावीकडच्या ट्रेमध्ये तीन कागद, प्रत्येकावर दोनच उदाहरणं. सोडवलेला कागद उजवीकडच्या ट्रेमध्ये. डावा ट्रे रिकामा झाला की काम संपलं, मग आवडीची गोष्ट. बारा उदाहरणांनी गच्च भरलेलं पान बघून आडवं पडणारं मूल तीच बारा उदाहरणं सहा कागदांवर शांतपणे सोडवताना मी पुष्कळदा पाहिलं आहे. वर्गातल्या इतर दोन-तीन मुलांनाही हे लागू पडेल, त्यांनाही द्या. त्यामुळे एकट्या त्याचं काही वेगळं चाललंय असं दिसत नाही.

कान झाकण्याबद्दल. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे. त्याला नाटक समजू नका. घंटा तुमच्या दाराबाहेरच असेल तर ती हलवता येईल का, आवाज कमी करता येईल का, हे विचारा. नाहीच जमलं तर घंटेआधी मिनिटभर त्याला खूण करा आणि कान झाकू द्या. कान झाकणं हा त्याने स्वतः शोधलेला उपाय आहे, तो चांगला आहे. आवाज रोखणारे हेडफोन गोंगाटाच्या वेळेपुरते द्या. दिवसभर लावून ठेवले तर साध्या आवाजाचाही त्रास वाढू शकतो, आणि तुमचं बोलणंही त्याच्यापर्यंत पोचत नाही. बसायला अशी जागा द्या की पाठ भिंतीकडे असेल, दार आणि येजा मागून होणार नाही. लुकलुकणारी ट्यूब त्याच्या डोक्यावर नको. एकदा वर्ग रिकामा असताना त्याच्या जागेवर स्वतः बसून बघा. पंख्याची करकर, फळ्यावर पडणारी चकाकी, शेजारच्या वर्गातले पाढे, सगळं तिथूनच कळतं.

दुसरीही बाजू आहे. काही मुलांना संवेदना कमी पडतात, म्हणून ती सतत हलतात, आपटतात, अंगाला अंग घासतात. त्यांना दर थोड्या वेळाने हालचालीचं खरं काम द्या: वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात नेणं, फळा पुसणं, खुर्च्या रचणं. हात फडफडवणं, डुलणं, बोटांशी खेळणं यातून मूल स्वतःला सावरत असतं. त्याने कुणाला किंवा स्वतःला इजा होत नसेल तर ते थांबवायला जाऊ नका. ‘हात खाली’ म्हणून जी शक्ती तो हात दाबण्यात घालवतो ती गणितातूनच वजा होते. आणि एका गोष्टीकडे शाळांचं फार कमी लक्ष असतं, स्वच्छतागृहाकडे. वास, प्रतिध्वनी, हात वाळवणाऱ्या यंत्राचा आवाज यांमुळे अनेक मुलं दिवसभर जातच नाहीत. काहींना जायची गरज आहे हेच वेळेवर जाणवत नाही. दुपारनंतर वागणं बिघडत असेल तर आधी हे तपासा.

ढकलण्याकडे येते. इथे जरा थांबून सांगते, कारण शाळा याच ठिकाणी चुकीच्या वाटेला लागतात. ढकललं, म्हणून शिक्षा, म्हणून माफी, आणि मधली सुट्टी बंद. मधली सुट्टी बंद केली की ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचीच हालचाल तोडली जाते, आणि दुपारचा तास आणखी वाईट जातो. त्याऐवजी दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर लगेच काय घडलं. सोबत वेळ आणि जागा. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ असं लिहू नका, जे कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच लिहा. बहुतेक वेळा दहा-बारा नोंदींत नमुना दिसायला लागतो. तुमच्या वर्णनात ढकलणं रांगेत झालं आहे. रांगेत मागून धक्का लागतो, अंगाला अंग लागतं, कधी निघणार ते माहीत नसतं आणि पुढे घंटा होणार असते. असंच असेल तर त्याला रांगेत पहिला किंवा शेवटचा उभा करा, किंवा दोन मिनिटं आधी निघू द्या. तेवढ्याने ढकलणं थांबलं तर बाकी काही करायची गरज नाही. तिसरा रकाना विसरू नका. ढकललं की लगेच वर्गाबाहेर नेतात आणि बाहेर शांत असतं, असं असेल तर ढकलणं हा बाहेर जायचा रस्ता झाला आहे. मग ‘मला बाहेर जायचंय’ हे सांगायला एक कार्ड द्या, आणि तो ते दाखवेल तेव्हा सुरुवातीला प्रत्येक वेळी जाऊ द्या. प्रत्येक वेळी. कार्ड दाखवूनही अडवलं तर तो पुन्हा ढकलेल, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असेल.

वागणं अचानक बदललं असेल तर पालकांना झोप, दात, कान, बद्धकोष्ठता याबद्दल विचारा. दुखतंय हे सांगता न येणारं मूल दुखणं वागण्यातूनच दाखवतं. मध्येच काही क्षण शून्यात बघणं, हाक मारूनही प्रतिसाद न देणं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

जमिनीवर आडवं होणं, किंचाळणं याला मेल्टडाउन म्हणतात. हट्टात आणि यात फरक आहे. हट्ट करणारं मूल मधूनच तुमच्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मूल कुणाकडे बघत नसतं, आणि हवी ती गोष्ट हातात दिली तरी थांबू शकत नाही. काही मुलं उलट आतल्या आत बंद होतात, बाकाखाली जातात, बोलणं थांबतं. ते शांत असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी शिकवू नका, समजावू नका, प्रश्न विचारू नका. आवाज आणि माणसं कमी करा. वर्गाला एक ठरलेलं काम द्या, मुलांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही खूण केलीत की सगळ्यांनी वाचनाची पुस्तकं काढायची. तुम्ही हातभर लांब, बाजूला, त्याच्या पातळीवर बसा. अंगाला हात लावू नका, इजेचा धोका असेल तेव्हाच अडवा. शांत झाल्यावर लगेच ‘असं का केलंस?’ नको. पाणी द्या, वेळ द्या, सोपं काहीतरी करू द्या. पूर्ण सावरायला तासही लागू शकतो. त्या तासात गणित पुढे रेटलं तर दुसरं मेल्टडाउन ठरलेलं.

मात्र खरं काम त्याच्या आधीचं आहे. प्रत्येक मुलाची आधीची खूण वेगळी असते. कुणाचे कान लाल होतात, कुणी एकच वाक्य घोळवायला लागतं, कुणी जास्तच हसतं. हसण्याने मोठी माणसं हमखास फसतात. ती खूण पालकांना माहीत असते, विचारा. खूण दिसली की वर्गातल्या शांत कोपऱ्यात जायचं कार्ड पुढे करा. हा कोपरा शिक्षेचा नाही. तो स्वतः जाईल, स्वतः परत येईल, आणि दुसऱ्या कुणाला लागला तर तेही वापरतील. ‘चूक केलीस, जा कोपऱ्यात’ असं एकदा जरी म्हटलंत तरी तो कोपरा संपला.

बक्षिसांच्या चांदण्या आणि भिंतीवरचे हिरवे-लाल तक्ते यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्या मुलाला आवाज सहन होत नाही, त्याला ‘शांत बसण्याची’ चांदणी मिळत नाही आणि रोज सगळ्यांसमोर मिळत नाही. ते तक्ते काढून टाका.

त्याच्या आवडीचा विषय मात्र जवळ धरा. घड्याळं असोत, लिफ्ट असोत की डायनोसॉर, गणित त्यातून घाला, वाचन त्यातून द्या. एकाच गोष्टीचं वेड म्हणून आपण ज्याला आवर घालतो, तिथेच त्याला बोलायला शब्द सापडतात.

अभ्यासात एक सावधगिरी ठेवा. या मुलांची क्षमता सपाट नसते. काही मुलं मोठ्यांचं पुस्तक खडाखड वाचतात, पण ‘गोष्टीतला मुलगा का रडला?’ याचं उत्तर देता येत नाही. वाचन चांगलं म्हणून समज चांगली असं धरू नका, आणि लिहीत नाही म्हणून येत नाही असंही धरू नका. हाताची पकड कमजोर असेल तर तोंडी उत्तर घ्या, अक्षरकार्डं लावू द्या, टाइप करू द्या.

मधली सुट्टी तुम्हाला विश्रांतीची वाटते, त्याला ती दिवसातली सगळ्यात कठीण वेळ. नियम नाहीत, आवाज प्रचंड, कोण कधी काय करेल माहीत नाही. कॉनी कसारी या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी साध्या शाळांतल्या साठ स्वमग्न मुलांबरोबर एक प्रयोग केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मैदानावरचा एकटेपणा कमी झाला तो स्वमग्न मुलांना एकेकटं बसवून सामाजिक कौशल्यं शिकवल्याने नव्हे, तर वर्गातल्या इतर मुलांना एकट्या पडलेल्यांना कसं सामील करून घ्यायचं हे शिकवल्याने. मला यात नवल वाटत नाही. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी त्याच साली मांडलं होतं की न समजणं दोन्ही बाजूंचं असतं, मग समजून घ्यायचा भार एकट्या स्वमग्न माणसावरच का? तुमच्या वर्गात याचा अर्थ इतकाच: नियम ठरलेला, लहान गटाचा एखादा खेळ सुट्टीत सुरू करून द्या, आळीपाळीने येणारी दोन-तीन समजूतदार मुलं त्यात घ्या. एकाच मुलीवर त्याला सांभाळायचं काम टाकू नका, ती दमते. आणि त्याला एकटं चालायचंच असेल तर रोजची निम्मी सुट्टी तशी जाऊ द्या. चिडवणं होतंय का याकडे लक्ष ठेवा. ही मुलं तक्रार करत नाहीत, आणि ‘तू हे कर, मजा येईल’ म्हणून त्यांना पुढे करून मजा बघणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात.

आईवडील म्हणाले की घरी आल्यावर तो तासभर किंचाळतो, तर ‘शाळेत तर छान असतो’ असं म्हणू नका. दिवसभर स्वतःला दाबून ठेवणारी मुलं, त्यातही मुली जास्त, घराचं दार लागलं की फुटतात. त्यांचा शाळेतला चांगला दिवस फार महाग पडलेला असतो. वहीत रोज तक्रार लिहून पाठवू नका. नोंद तुमच्याजवळ ठेवा, घरी एखादी जमलेली गोष्ट कळवा, आणि अडचणीबद्दल प्रत्यक्ष भेटून बोला.

इतर पालकांना निदान सांगायचा अधिकार शाळेला नाही. ते सांगायचं की नाही हे त्याचे पालक ठरवतील. तुम्ही सांगू शकता ते एवढंच: ढकललं गेलं, आम्ही कारण शोधलं, रांगेची व्यवस्था बदलली, आणि तुमच्या मुलीची आम्ही काळजी घेतो आहोत. त्या मुलीशीही बोला. तिला लागलं आहे, ‘तो तसाच आहे गं’ एवढ्यावर तिची बोळवण करू नका.

वर्ष संपायच्या आत एक काम उरकून ठेवा. पुढच्या वर्गशिक्षकांसाठी एकच पान लिहा. त्यात निदानाचा इतिहास नको, तो फाइलमध्ये आहे. त्यात असं हवं: तो ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पुरे’ कसं सांगतो. ताण वाढल्याची पहिली खूण कोणती. कशाने शांत होतो, काय केलं की बिघडतं. रांगेत कुठे उभा राहतो. कोणत्या विषयावर बोललं की उजळतो. पालकांना ते पान दाखवून दुरुस्त करून घ्या, जमलं तर त्यालाही विचारा. मग वर्ग रिकामे असताना त्याला नव्या वर्गात न्या, नव्या बाईंना भेटवा आणि बसायची जागा, दप्तराचा खण, स्वच्छतागृह आणि शांत कोपरा यांचे फोटो काढून घरी द्या, म्हणजे सुट्टीभर त्याला ते हवे तेव्हा बघता येतील.